हॅस्केल विंडोजवर बसलंय पण चालत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या इन्स्टॉलरने सगळं झाल्याचं सांगितलं. तुम्ही टर्मिनलची नवी खिडकी उघडून जीएचसी, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरचं नाव, टाइप केलं, आणि विंडोजने उत्तर दिलं: 'इज नॉट रेकग्नाइझ्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड'. मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, पुन्हा इन्स्टॉल, आणि पुन्हा तेच वाक्य. दर सेमिस्टरच्या सुरुवातीला कोथरूड, कर्वेनगर, आंबेगाव, वाकड अशा सगळीकडून मुलंमुली मला हेच विचारतात. निम्म्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, फॉरमॅट मारू का?"

मारू नका. अशा बहुतेक वेळी हॅस्केल तुमच्या डिस्कवर नीट बसलेलं असतं. अडचण तीनपैकी एका ठिकाणी असते. विंडोजला ते सापडत नाही, किंवा भलतीच जुनी प्रत सापडते, किंवा तिथपर्यंतच्या रस्त्यात असं एखादं नाव असतं जे आतल्या अवजारांना झेपत नाही. पुन्हा इन्स्टॉल केल्याने या तिन्हींतलं काहीच बदलत नाही, म्हणून तर तोच दोष परत येतो. आधी संगणकाला विचारायचं की बाबा, तू नेमकी कोणती फाईल उघडतोयस, आणि मग हात लावायचा.

खाली आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

थोडी पार्श्वभूमी लागेल. हॅस्केल ही 1990 पासूनची भाषा. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचं नाव तिला दिलं आहे. तिचा मुख्य कंपायलर जीएचसी ग्लासगो विद्यापीठात जन्मला. कागदपत्रं एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारं पॅनडॉक याच भाषेत लिहिलेलं आहे. या भाषेभोवतीची अवजारं मुळात युनिक्स या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरातली. म्हणून विंडोजवर जीएचसीअप हा इन्स्टॉलर आपल्यासोबत एमसिस-टू नावाचा एक छोटा युनिक्सचा संसारच आणतो. पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ तिथे आहे: विंडोजच्या घरात युनिक्सच्या सवयी.

विंडोजसाठी जीएचसीअप 2021 मध्ये आलं. त्याआधी हॅस्केल प्लॅटफॉर्म नावाचं एक गाठोडं मिळायचं. ते आता बंद झालंय, पण जुने व्हिडिओ अजून तेच उतरवायला सांगतात. तुम्ही पहिल्यांदा असा व्हिडिओ बघून काही बसवलं असेल तर ते लक्षात ठेवा, पाथच्या भागात लागेल.

सुरुवातीलाच अडकलात तर

हॅस्केलच्या अधिकृत पानावरची जीएचसीअपची लांबलचक ओळ पॉवरशेलसाठी आहे. ती कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत चिकटवली तर 'सेट-एक्झिक्युशनपॉलिसी' हा शब्दच ओळखू येत नाही असा निरोप मिळतो. खिडकी बदला, ओळ तीच ठेवा. ती हाताने टाइप करू नका आणि कुणी पुढे पाठवलेल्या मेसेजमधूनही घेऊ नका. मेसेजमध्ये सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि ओळ मोडते. त्या ओळीत 3072 असा आकडा दिसतो. तो जुन्या विंडोजला टीएलएस 1.2 ही सुरक्षित जोडणीची पद्धत वापरायला सांगतो, तो पुसू नका.

पॉवरशेल साध्या पद्धतीने उघडा. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' नको. याचं कारण नीट समजून घ्या, कारण घरच्या संगणकावर हा घोळ फार होतो. समजा लॅपटॉप बाबांच्या नावाने आहे आणि तुमचं खातं साधं आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडताना विंडोज बाबांचा पासवर्ड मागतो, आणि त्यानंतर जे काही चालतं ते बाबांच्या खात्यातून चालतं. इन्स्टॉलर पाथची, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या यादीतली, नोंद वापरकर्त्याच्या खात्यात करतो. ती नोंद गेली बाबांच्या खात्यात, आणि तुमच्या खात्यात शोधलं तर काहीच नाही. इन्स्टॉल यशस्वी झालं हेही खरं आणि जीएचसी सापडत नाही हेही खरं.

इन्स्टॉलर कुठे बसवायचं हे विचारतो, आणि तिथेच सांगतो की रस्ता छोटा हवा, शक्यतो नुसता ड्राइव्ह. ते ऐका. 'डी ड्राइव्ह, इंजिनिअरिंग, सेम 5, प्रॅक्टिकल' असा रस्ता दिला तर पुढे त्रास नक्की. नुसता सी ड्राइव्ह ठेवा, म्हणजे सगळं सी ड्राइव्हवरच्या जीएचसीअप या फोल्डरात जातं. दहा जीबी तरी मोकळी असू द्या. तापकीर गल्लीतून किंवा ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपात अनेकदा 128 जीबीची एसएसडी असते आणि ती आधीच काठोकाठ भरलेली असते. कंपायलर, एमसिस-टू, एडिटरमध्ये कोडच्या चुका दाखवणारा लँग्वेज सर्व्हर हे सगळं मिळून कित्येक जीबी खातं.

आता 'इन्स्टॉलर अडकला' या तक्रारीकडे. आर्काइव्ह उलगडताना तो खरंच बराच वेळ गप्प बसतो. साध्या हार्ड डिस्कवर तर चहा करून पिऊन होतो. पण कधी कधी तो खरोखर थांबलेला असतो, आणि थांबवलेला असतो तुमच्या माउसने. जुन्या पद्धतीच्या कन्सोल खिडकीत कुठेही क्लिक केलं की विंडोजला वाटतं तुम्हाला मजकूर निवडायचाय, आणि आतला प्रोग्राम काही छापायला गेला की तिथेच खोळंबतो. खिडकीच्या शीर्षकाआधी 'सिलेक्ट' हा शब्द लागलेला दिसेल. एकदा एस्केप दाबा, काम पुढे सरकतं. कंट्रोल-सी दाबून अर्धवट बसवलेलं हॅस्केल मागे सोडण्यापेक्षा हे बघणं सोपं.

होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या नेटवरून उतरवताना 'डायजेस्ट एरर' आली, तर उतरलेली फाईल मूळ फाईलशी जुळत नाही, बहुधा अर्धवट आली आहे. जीएचसीअप प्रत्येक फाईलची बेरीज (चेकसम) तपासून घेतं आणि न जुळणारी नाकारतं, हे चांगलंच आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा उतरवा. इथे दुसरं काही शोधत बसण्यात अर्थ नाही.

पाथ: इथे वेळ द्या

तुम्ही टर्मिनलमध्ये नुसतं जीएचसी लिहिता तेव्हा विंडोजला ती फाईल कुठे आहे हे आपोआप कळत नसतं. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिलाच पाथ म्हणतात. यादीतल्या पहिल्या फोल्डरात बघायचं, नसेल तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. सदाशिव पेठेत नव्या कुरियरवाल्याला वाड्यांची यादी देऊन 'जोशींना द्या' एवढंच सांगितलं, तर तो पहिल्या ज्या वाड्यात जोशी भेटतील त्यांच्या हातात पाकीट ठेवून मोकळा होईल. ते आपले जोशी होते का, हे तो विचारणार नाही.

म्हणून पहिली आज्ञा ही: व्हेअर डॉट ईएक्सई, स्पेस, जीएचसी. 'डॉट ईएक्सई' गाळू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं व्हेअर चालतं, पण पॉवरशेलमध्ये व्हेअर हे एका वेगळ्याच आज्ञेचं टोपणनाव आहे. तिथे नुसतं व्हेअर जीएचसी लिहिलं तर काहीच छापलं जात नाही, चूकही दाखवली जात नाही. त्या शांततेवरून 'म्हणजे बसलंच नाही' असा निष्कर्ष काढणारे मी खूप पाहिलेत, आणि इथूनच अनइन्स्टॉलचं चक्र सुरू होतं.

सापडत नाही असं स्पष्ट उत्तर आलं, तर फाईल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हवरचं जीएचसीअप, त्यात बिन हे फोल्डर उघडा. जीएचसी डॉट ईएक्सई दिसते का? दिसत असेल तर टर्मिनलमध्ये तिचा पूर्ण रस्ता लिहून पुढे डॅश डॅश व्हर्जन जोडा. आवृत्तीचा आकडा आला की तुमचं हॅस्केल ठणठणीत आहे, फक्त यादीत त्याचा पत्ता नाही. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पत्ता घालायचा कसा? स्टार्ट मेनूमध्ये एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स शोधा. दोन पर्याय येतात, त्यातला 'फॉर युअर अकाउंट' असलेला घ्या. उघडलेल्या खिडकीत वर तुमच्या खात्याची यादी असते आणि खाली संपूर्ण यंत्राची. वरच्या यादीत पाथ निवडा, एडिट, न्यू, आणि जीएचसीअपच्या बिन फोल्डरचा रस्ता लिहा. कबाल या हॅस्केलची पॅकेजेस बांधणाऱ्या अवजाराने बसवलेले प्रोग्राम ज्या फोल्डरात जातात तोही घाला. जीएचसीअपने बसवलेल्या संगणकावर ते सहसा सी ड्राइव्हवर कबाल, त्यात बिन असं असतं. सगळ्या खिडक्यांवर ओके करून बाहेर या.

त्यानंतर सगळी टर्मिनल बंद करा. खरंच सगळी. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना पाथची एक प्रत घेतो आणि बंद होईपर्यंत तीच वापरतो. आधीपासून उघड्या खिडकीला नवी यादी कळत नाही. व्हीएस कोड या एडिटरचंही तेच. आतलं टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं तरी ते व्हीएस कोडकडून जुनीच प्रत घेतं, म्हणून अख्खा व्हीएस कोड, त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा. 'पाथ घातला तरी चालत नाही' म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं काम एवढ्यावर होतं.

एक कळकळीची विनंती. सेटएक्स ही आज्ञा वापरून पाथला शेपूट जोडायचा सल्ला तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल. तो घेऊ नका. सेटएक्स 1024 अक्षरांच्या पुढचा मजकूर कापून टाकते. शिवाय त्या सल्ल्यातली नेहमीची ओळ यंत्राची यादी आणि तुमची यादी एकत्र करून तुमच्या खात्यात कोंबते. तुमच्याकडे आधीच पायथन, जावा, नोड, गिट असं सगळं असेल तर यादी 1024 च्या पलीकडे सहज जाते. हॅस्केल मिळवता मिळवता पायथन गेलं, असं व्हायचं, आणि कापलेलं परत आणायची सोय नसते. खिडकीतून एक एक ओळ घालणं हळू आहे पण कशाचीही नासधूस करत नाही.

आता व्हेअरने दोन किंवा जास्त ओळी दाखवल्या तर. जी पहिली तीच चालते. पहिली ओळ हॅस्केल प्लॅटफॉर्मच्या फोल्डरातली आणि दुसरी जीएचसीअपची असेल, तर तुम्ही नवीन बसवून जुनं वापरताय. विंडोज यंत्राची यादी आधी वाचतो आणि खात्याची नंतर, त्यामुळे जुन्या इन्स्टॉलरने यंत्राच्या यादीत नोंद केली असेल तर तुमच्या यादीत जीएचसीअपला कितीही वर सरकवलं तरी उपयोग नाही. जुनं सेटिंग्जमधून रीतसर काढा, मग पाथमध्ये त्याची ओळ उरली असेल तर तीही काढा. जीएचसीअपच्याच दोन आवृत्त्या असतील तर मात्र काहीही काढायची गरज नाही. जीएचसीअप लिस्ट म्हटलं की सगळ्या दिसतात आणि जीएचसीअप सेट म्हणून हवी ती पुढे आणता येते.

नावातली स्पेस

दुसरं मोठं दुखणं नावाचं. सी ड्राइव्हवर यूजर्स फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सुरू केलं असेल तर त्या फोल्डराचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडतं आणि काही अडत नाही. पण दुकानदाराने किंवा घरच्यांनी स्थानिक खातं काढून त्यात नाव, स्पेस, आडनाव असं लिहिलं असेल, किंवा हौसेने देवनागरीत नाव घातलं असेल, तर युनिक्सच्या घरातून आलेली काही अवजारं तिथे ठेचकाळतात. स्पेस आली की त्यांना वाटतं इथे एक रस्ता संपला आणि दुसरा सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, हॅस्केल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी बसवलंय, मग माझ्या नावाचा संबंध कुठे येतो? तो येतो टेम्प फोल्डरामुळे. बांधकाम (बिल्ड) चालू असताना तात्पुरत्या फाईली तुमच्या नावाच्या फोल्डरात, ॲपडेटामध्ये तयार होतात. त्यामुळे साधा प्रोग्राम चालतो, पण आतून कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट चालवणारं एखादं पॅकेज बांधायला घेतलं की गाडी अडते. नेटवर्क हे त्यातलं नेहमीचं नाव. कबालऐवजी स्टॅक हे दुसरं अवजार वापरणाऱ्यांना तर तो स्वतःच इशारा देतो की प्रोग्रामांच्या रस्त्यात स्पेस आहे आणि त्याला आठ-तीन पद्धतीचं (आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं) छोटं नाव नाही, त्यामुळे कॉन्फिगरवाली पॅकेजेस अडतील. तो इशारा पिवळ्या अक्षरांत वर निघून जातो, कुणी वाचत नाही.

सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदलून हे सुटत नाही. लॉगिनच्या पडद्यावरचं नाव बदलतं, फोल्डराचं तेच राहतं. रजिस्ट्रीत शिरून फोल्डराचं नाव बदलायचे उपाय सांगितले जातात, ते मी कुणालाही सुचवत नाही. एक पाऊल चुकलं तर खात्यात शिरताच येत नाही, आणि उद्या सबमिशन असतं. त्याऐवजी पाथच्याच खिडकीत, तुमच्या खात्याच्या यादीत टेम्प आणि टीएमपी असे दोन व्हेरिएबल असतात. सी ड्राइव्हवर टीएमपी नावाचं फोल्डर करून दोन्हींना त्याचा रस्ता द्या. स्टॅकची प्रोग्राम ठेवायची जागा त्याच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये बदलता येते, तीही अशीच छोट्या रस्त्यावर न्या. एवढं करूनही अडलं, तर इंग्रजी अक्षरांतलं, स्पेस नसलेलं छोटं नाव देऊन नवं स्थानिक खातं काढा आणि प्रोग्रामिंग त्यात करा. दहा मिनिटांचं काम आहे.

तुमचा स्वतःचा कोडही डेस्कटॉपवर ठेवू नका. अनेक संगणकांवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या ताब्यात असतात. कबाल एका बांधकामात ढिगाने बारीक फाईली तयार करतो, वनड्राइव्ह त्या वर चढवायला धावतो, आणि दोघं एकाच फाईलवर एकाच वेळी हात ठेवतात. शिवाय तिथला रस्ता आधीच लांब. विंडोजमध्ये पूर्ण रस्त्याची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे, आणि कबालचं डिस्ट-न्यूस्टाइल फोल्डर आत आत इतकं खोल जातं की ती सहज ओलांडली जाते. मग फाईल समोर असूनही 'नो सच फाईल' दिसतं. विंडोज 10 च्या 1607 आवृत्तीपासून रजिस्ट्रीतल्या लाँगपाथ्सएनेबल्ड या नोंदीने मर्यादा उठवता येते, पण प्रत्येक अवजार त्या सवलतीचा फायदा घेईलच असं नाही. सी ड्राइव्हवर 'काम' नावाचं फोल्डर, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, आणि त्यात छोट्या नावांचे प्रोजेक्ट. हा उपाय कधी दगा देत नाही.

'परमिशन डिनाइड'

ही तक्रार आली की लोक लगेच ॲडमिनिस्ट्रेटरकडे धावतात. आधी बघा की तुमचाच प्रोग्राम मागच्या खिडकीत चालू तर नाही ना. चालू असलेली ईएक्सई फाईल विंडोज पुसू देत नाही, आणि शेवटी ईएक्सई जोडून तयार करणाऱ्या लिंकरला तिच्यावरच नवी लिहायची असते. टास्क मॅनेजरमधून ती बंद करा.

तसं नसेल तर अँटिव्हायरस. आत्ता जन्मलेली, कुणाची सही नसलेली ईएक्सई त्याला संशयास्पद वाटते, त्यामुळे तो ती क्षणभर धरून ठेवतो किंवा थेट उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. कधी बांधकाम एकदा फसतं आणि लगेच दुसऱ्यांदा यशस्वी होतं, तेव्हा शंका इथेच घ्यावी. विंडोज सिक्युरिटीमध्ये एक्सक्लूजन्स असतात. तिथे जीएचसीअप, कबाल आणि तुमचं काम ही फोल्डरंच घाला. अँटिव्हायरस अख्खा बंद करू नका, सगळा सी ड्राइव्हही सूट म्हणून देऊ नका. कॉलेजच्या लॅबमधला किंवा कंपनीचा संगणक असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका, लॅब असिस्टंटला किंवा आयटीवाल्यांना फोल्डरांची नावं लिहून द्या.

'नमस्कार' छापताना फुटणारा प्रोग्राम

आपल्याकडचा हा खास प्रश्न. इंग्रजी पुस्तकांत याचा उल्लेख अगदी कमी असतो, कारण त्यांच्या लेखकांना देवनागरी छापायची नसते. म्हणून इथे जरा सविस्तर.

हॅलो वर्ल्ड चालतं. मग हौसेने पुटस्ट्रलाइन या छापायच्या आज्ञेपुढे अवतरणात नमस्कार लिहिलं, चालवलं, आणि प्रोग्राम मेला: 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, कॅनॉट एन्कोड कॅरेक्टर', पुढे तिरकी रेघ आणि 2344. जुन्या जीएचसीत नुसतं 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' असं येतं, आकडा येत नाही. मुलांना वाटतं इन्स्टॉलेशन मोडकं आहे. ते मोडकं नाही. 2344 हा युनिकोडमधला 'न' आहे. म्हणजे पहिल्याच अक्षरावर गाडी थांबली. कन्सोल जुन्या कोड पेजवर, म्हणजे चिन्हांच्या तक्त्यावर, चालतंय, सहसा 437, आणि त्या पेजवरच्या 256 चिन्हांत देवनागरी कुठेच नाही. जीएचसीने कन्सोलची मर्यादा पाळली आणि 'हे मला लिहिता येत नाही' असं प्रामाणिकपणे सांगितलं.

त्या खिडकीपुरता उपाय: सीएचसीपी, स्पेस, 65001. हे यूटीएफ-8 चं कोड पेज. पण खिडकी बंद केली की ते गेलं, आणि परीक्षकांच्या संगणकावर ते नसेलच. म्हणून प्रोग्राममध्येच सोय करा. वर सिस्टिम डॉट आयओ इम्पोर्ट करा आणि मेनच्या पहिल्या ओळीत एचसेटएन्कोडिंग, एसटीडीआउट, यूटीएफ8 लिहा. याने प्रोग्राम मरत नाही, पण कन्सोल जुन्याच कोड पेजवर असेल तर अक्षरं विचित्र दिसतात, तिथे सीएचसीपी लागतंच. फाईल वाचताना 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' आलं तर त्या फाईलच्या हँडललाही हीच ओळ लावायची. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंग्जमध्ये सगळीकडे यूटीएफ-8 वापरा अशी बीटा म्हणून दिलेली एक खूण आहे. ती लावली तर हे सगळं एकदम सुटतं. पण त्याच संगणकावर घरच्यांचं जुनं हिशेबाचं किंवा डीटीपीचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातली अक्षरं बिघडू शकतात, म्हणून सामाईक संगणकावर ती लावू नये असं माझं मत.

आता दोन गोष्टी ज्या दोष वाटतात पण नाहीत. पुटस्ट्रलाइनऐवजी प्रिंट वापरलं तर नमस्कारच्या जागी 2344, 2350, 2360, 2381, 2325, 2366, 2352 असे तिरक्या रेघांचे आकडे येतात. प्रिंट आधी शो वापरतं, आणि शो इंग्रजीबाहेरचं प्रत्येक चिन्ह आकड्यात लिहितं. पुटस्ट्रलाइन वापरा, अक्षरं दिसतील. आणि लेंग्थ विचारली तर 7 मिळतं. आपल्या कानाला न, म, स्का, र अशी चार अक्षरं, पण युनिकोडमध्ये हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. वर दिलेले आकडे मोजून बघा, सातच आहेत. 2381 म्हणजे हलन्त, 2366 म्हणजे काना. यामुळेच रिव्हर्स वापरून मराठी शब्द उलटा केला की काना भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतो.

चूक येत नाही पण चौकोन दिसतात, तर प्रश्न फॉन्टचा आणि खिडकीचा आहे. जुन्या कन्सोलला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. विंडोज टर्मिनल बरंच बरं आहे, तरी मात्रा कधी कधी सरकलेल्या दिसतात. खात्री करायची असेल तर आउटपुट फाईलमध्ये लिहा आणि नोटपॅडमध्ये उघडा. तिथे नीट दिसलं म्हणजे तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. कोडची फाईल मात्र यूटीएफ-8 मध्येच जतन झालेली हवी. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून नोटपॅड ते आपसूक करतं.

एडिटरमध्ये लाल रेघा, टर्मिनलमध्ये सगळं ठीक

लँग्वेज सर्व्हर आणि जीएचसी यांची जोडी जुळलेली नाही. सगळ्यात नवी जीएचसी घेतली की तिला साथ देणारा सर्व्हर कधी कधी आलेला नसतो. जीएचसीअप लिस्टमध्ये 'रेकमेंडेड' अशी खूण असलेल्या आवृत्त्या घ्या आणि व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन विचारेल तेव्हा सगळं जीएचसीअपवर सोपवा. फोल्डर उघडताना नुसती फाईल न उघडता कबाल फाईल असलेलं अख्खं फोल्डर उघडा.

डब्ल्यूएसएल घ्यावं का?

"सोडा विंडोज, आत लिनक्स टाका" हा सल्ला मिळतोच. विंडोजच्या पोटात लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल खरंच चांगलं आहे आणि पुढे हॅस्केलमध्ये रमणार असाल तर जरूर घ्या. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं, आणि प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरातच ठेवावा लागतो, सी ड्राइव्हवरून चालवला तर फार मंद होतो. पण प्रॅक्टिकल विंडोजच्या लॅबमध्येच द्यायचं असेल तर पाथ आणि एन्कोडिंग समजून घेण्याला पर्याय नाही. उद्या तास आहे आणि नुसतं चारदोन ओळी चालवून बघायच्या आहेत, तर आजची रात्र प्ले डॉट हॅस्केल डॉट ऑर्गवर काढा. ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही.

खरंच काढून पुन्हा बसवायची वेळ आली तर

अर्धवट बसलेलं, मध्येच वीज गेलेलं, डिस्क भरून थांबलेलं, अशा वेळी पुन्हा बसवणं योग्य आहे, पण मग ते पूर्ण काढा. जीएचसीअप डेस्कटॉपवर 'अनइन्स्टॉल हॅस्केल' नावाची स्क्रिप्ट ठेवतं, ती चालवा. मग हाताने बघा: सी ड्राइव्हवर जीएचसीअप आणि कबाल ही फोल्डरं उरलीत का, तुमच्या ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये आणखी एक कबाल आहे का, स्टॅक वापरत असाल तर सी ड्राइव्हवर एसआर आहे का. त्यात तुमचा स्वतःचा कोड नाही ना, हे पाहून मगच पुसा. शेवटी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीत जीएचसीअप आणि कबालच्या नावाने सुरू होणाऱ्या नोंदी आणि पाथमधल्या त्यांच्या ओळी काढा. त्या राहिल्या तर नवं इन्स्टॉलेशनही जुनेच रस्ते धरतं. संगणक रीस्टार्ट करा, व्हेअर डॉट ईएक्सई जीएचसी विचारा, आणि काहीच सापडत नाही असं उत्तर आलं की नव्याने सुरुवात करा.